रोग्यासाठीचा जागर

मेक्सिकोतील ओहाका प्रांताच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या मासातेक लोकांमध्ये सिलोसायबिन हे द्रव्य असलेल्या, म्हणजे प्रत्यक्षात नसलेली रूपे व ध्वनी भासविणाऱ्या, रानअळंब्या पवित्र मानल्या जातात. घरात कोणी आजारी पडून आजाराचे कारण कळेनासे झाले, की रात्रीचा जागर मांडला जातो. अळंब्या जोडीजोडीने मोजून कच्च्याच खाल्ल्या जातात, कोपाल झाडाच्या डिंकाचा धूप दाखवून दिवा मालवला जातो, आणि जागर चालविणारी जाणती स्त्री अंधारात पहाटेपर्यंत गात, टाळ्या वाजवीत, दुखण्याचे मूळ त्या गाण्यातूनच सांगते.

१९५५ साली मारिया साबिना या जाणतीच्या जागराला गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँक अधिकारी मुलाची खुशाली विचारण्याच्या निमित्ताने बसला. १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि परदेशी पाहुण्यांची रीघ लागली.

त्याच सुमारास पाश्चात्त्य विचारवंतांत वेगळाच वाद रंगला होता. पेयोटे या निवडुंगातील मेस्कलीन घेतल्यावर आलेल्या अनुभवावरून लेखक ऑल्डस हक्स्ली यांनी १९५४ साली असे द्रव्य गूढानुभवाचे दार उघडू शकते असे मांडले, तर ऑक्सफर्डचे धर्माभ्यासक आर. सी. झेनर यांनी १९५७ साली हा अनुभव व ईश्वरभक्ताचा साक्षात्कार एक नव्हेत असे बजावले. झेनर यांचा आक्षेप वजनदार आहे. तरीही दोघांचा प्रश्न एकट्या माणसाच्या मनात काय घडते एवढ्यावरच थांबतो. मारिया साबिनाने मात्र उत्तरायुष्यात सांगितले, की परके येण्यापूर्वी केवळ देव भेटावा म्हणून कोणी अळंब्या खात नसे, त्या रोग्यासाठी घेतल्या जात, आणि पुढे त्यांचे बळही ओसरले. या तक्रारीत तत्त्वचिंतकांच्या नजरेतून सुटलेला मुद्दा आहे: दर्शन कोणासाठी मागितले, याचाही त्याच्या खरेपणाशी संबंध असतो.

भारतीय विचाराला हेतूचा हा भेद अनोळखी नाही. पतंजलींच्या योगसूत्रांतील कैवल्यपाद हा अध्याय सिद्धींच्या, म्हणजे अलौकिक सामर्थ्यांच्या, पाच उगमांत औषधीचा, म्हणजे वनस्पतीचा, स्पष्ट समावेश करतो. पण लगेच पुढे, ध्यानातून घडलेले चित्तच आशयरहित, म्हणजे कर्मसंस्कारांच्या साठ्यापासून मुक्त, असते असेही सांगतो. वनस्पतीने मिळालेले सामर्थ्य येथे खोटे ठरत नाही, फक्त त्या संस्कारांत साठलेली वासना त्याने धुतली जात नाही. म्हणून ते घेणाऱ्याची वासना कोणती, रोग्याला बरे करण्याची की स्वतःला काही विलक्षण दिसावे ही, हे आधी पाहावे लागते.