प्रतिनिधी निवडायचा कोणी?

सार्वजनिक निर्णयांत लोकांना स्थान असावे, हा विचार आज उघडपणे कोणी नाकारत नाही. परंतु लोकांच्या वतीने बोलणारा कोणी निवडायचा आणि त्याचे म्हणणे निर्णय घेणाऱ्यावर कितपत बंधनकारक असावे, या प्रश्नांवरचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. या वादाचे काही महत्त्वाचे टप्पे नागपुरात आणि विदर्भात घडले असल्याने या विचाराची वाटचाल येथून विशेष स्पष्ट दिसते.

1919 च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक विधिमंडळांचा विस्तार होणार हे निश्चित झाले, तेव्हा अस्पृश्य समाजाच्या प्रतिनिधींची निवड कशी व्हावी हा प्रश्न पुढे आला. अस्पृश्योद्धारासाठी काम करणाऱ्या विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशनने असे सुचवले होते की हे प्रतिनिधी विधिमंडळाच्या सभासदांनी निवडावेत. मे 1920 च्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या सूचनेला कडाडून विरोध केला आणि परिषदेने तिचा निषेध करणारा ठराव संमत केला. शिंदे यांची तळमळ खरी होती, त्यांचे कार्यही मोठे होते, म्हणूनच हा मतभेद मूलभूत ठरतो. सवर्ण बहुमताच्या मंडळाने निवडलेला सभासद जन्माने अस्पृश्य असला, तरी त्याचे पद निवडणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहणार आणि त्याचे उत्तरदायित्वही त्यांच्याशीच जुळणार, हा या विरोधामागचा तर्क होता. त्याआधी 1919 मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देतानाही आंबेडकरांनी मतांचे प्रतिनिधित्व आणि माणसांचे प्रतिनिधित्व यांत फरक केला होता. वंचित समाजाचे हित दुसऱ्या कोणी कळवळ्याने मांडणे पुरेसे नाही, त्या समाजातील माणसे स्वतः कायदेमंडळात बसली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचे अधिवेशनही नागपुरातच झाले. चार आणे वर्गणी देणाऱ्या कोणालाही सभासद होता येईल आणि प्रांतिक समित्या भाषेनुसार रचल्या जातील, अशी नवी घटना त्या अधिवेशनाने स्वीकारली, त्यामुळे मूठभर सुशिक्षितांची संस्था गावापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. तेथेच संमत झालेल्या असहकाराच्या ठरावातील विद्यार्थ्यांविषयीचा भाग मात्र फारसा आठवला जात नाही. सोळा वर्षांखालील मुलांना सरकारी शाळांतून काढण्याचे आवाहन त्यांच्या पालकांना होते. सोळा व त्यापुढील विद्यार्थ्यांनी मात्र आपल्या सदसद्विवेकाला स्मरून स्वतः निर्णय घ्यावा, असे त्यात म्हटले होते. सोळा वर्षांचा विद्यार्थी स्वतःचे भवितव्य पणाला लावण्याइतका समंजस आहे, हे राष्ट्रीय चळवळीने या शब्दांत मान्य केले. तरीही त्या विद्यार्थ्याकडून त्यागाची अपेक्षा होती, धोरण ठरवण्यातला वाटा त्याला दिलेला नव्हता, आणि ही विषमता पुढेही टिकून राहिली.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न घटकाचा झाला. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने 1948 मध्ये जनपद योजना लागू झाली. तहसील हा स्थानिक कारभाराचा घटक मानून तेथे जनपद सभा स्थापण्याची ही योजना होती. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला संविधान सभेत आंबेडकरांनी खेडे हा राज्यघटनेचा पाया मानण्यास स्पष्ट नकार दिला, कारण जातीची उतरंड जेथे सर्वाधिक घट्ट होती तेथेच सत्ता सोपवल्यास ती कोणाच्या हाती जाईल, हे त्यांना दिसत होते. ग्रामपंचायतींविषयीचा अनुच्छेद 40 मार्गदर्शक तत्त्वांत आला, पण या आक्षेपाचे उत्तर मिळायला 1992 ची 73 वी घटनादुरुस्ती यावी लागली. तिने पंचायतींत अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी राखीव जागा ठेवल्या आणि गावातील सर्व मतदारांच्या ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले.

ग्रामसभेत प्रतिनिधीचा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटतो, कारण तेथे प्रत्येक मतदार स्वतःच सभासद असतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने, हे तत्त्व सर्वाधिक गांभीर्याने आचरले. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले जातात, आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. कायद्याचा, जंगलाचा, हिशेबाचा अभ्यास न करता मांडलेले मत कितीही प्रामाणिक असले तरी अधिकाऱ्यापुढे टिकत नाही, हे त्या गावाने ओळखले. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. मताला अधिकाराची जोड मिळाली की चर्चेचा दर्जाही बदलतो, याचे हे उदाहरण आहे.

जनसुनावणीत ही जोड नसते. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी स्थानिकांचे आक्षेप नोंदवून घेणारी ही प्रक्रिया आवश्यक असली, तरी तेथे निर्णय होत नाही. नोंदी तज्ज्ञ समितीकडे जातात आणि मंजुरी इतरत्र ठरते. नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या धुराखाली राहणाऱ्या माणसाला बोलण्याची संधी मिळते, पण त्याचा आक्षेप ग्राह्य धरण्याचे बंधन कोणावर नसते. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तीत सल्लामसलतीला त्यांनी मधल्या, केवळ देखाव्याच्या पायऱ्यांत बसवले, ते याच कारणाने.

शहराची स्थिती याहून दुबळी आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, परंतु ग्रामसभेसारखी मतदारांची सभा दिली नाही. ती उणीव भरण्यासाठी महाराष्ट्राने 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, पण ती प्रत्यक्षात रुजली नाही. नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तर दीर्घ काळ प्रशासकाचाच कारभार राहिला, आणि नगरसेवक नसताना वस्तीने आपले म्हणणे कोणत्या सभेत मांडायचे याला कायद्यात उत्तर उरले नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत 1920 चा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा परत आला. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी परीक्षेतील गुणांवरून नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांतील हिंसाचार टाळण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण प्रथम क्रमांकाचा विद्यार्थी वसतिगृहाच्या पाण्याविषयी किंवा थकलेल्या शिष्यवृत्तीविषयी इतरांच्या वतीने बोलेलच असे गृहीत धरणे म्हणजे निवडीचा अधिकार संस्थेकडे ठेवणे होय. 28 मार्च 1989 पासून अठराव्या वर्षी लोकसभेसाठी मतदान करता येते, मग त्याच तरुणाला महाविद्यालयात तो हक्क नाकारण्याला तात्त्विक आधार सापडत नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक पुन्हा मान्य केली, पण त्या निवडणुका वारंवार लांबणीवर टाकल्या गेल्या. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात आज विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून पहिल्या पिढीचे विद्यार्थी येतात, आणि शुल्क, परीक्षांचे वेळापत्रक, बसच्या सवलती यांचे निर्णय त्यांच्या शिक्षणाचे भवितव्य ठरवतात. नियमित निवडणुका ही त्यांची पहिली गरज आहे. त्यानंतर मेंढा (लेखा) गावाप्रमाणे अभ्यासगटांची सवय आणि विद्यार्थी परिषदेचा ठराव फेटाळताना प्रशासनाने लेखी कारणे देण्याचा नियम हवा, कारण लेखी कारणाला पुढच्या सभेत प्रत्युत्तर देता येते.