घेणाऱ्याचा मान

डिसेंबर लागला की सेवाभावी मंडळांना लगबग सुटते. नाताळ दारात आलेला असतो, शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची तयारी चाललेली असते. (रोटरी क्लबांचे वर्ष खरे तर ३० जूनला संपते, परंतु आनंदाचे वर्ष डिसेंबरातच सरते!) अशाच एका मंडळाच्या वर्षअखेरच्या मेळाव्याला बार्शीटाकळीच्या एका शाळेत जाण्याचा योग आला होता. अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना तुरीची आणि कपाशीची वावरे. शाळेच्या पटांगणात मंडप, रंगीत पताका, मुलांचे लेझीम. सारे कसे प्रसन्न होते.

मग स्वेटरवाटप सुरू झाले. एकेका मुलाचे नाव पुकारले जाई आणि नावापाठोपाठ कारणही सांगितले जाई: याला वडील नाहीत, हिची आई कापूस वेचायला जाते. दहाएक वर्षांची एक मुलगी व्यासपीठावर आली. छायाचित्रकाराने सांगितले तेव्हा हसली. खाली उतरल्यावर मात्र तिने स्वेटर दप्तरात कोंबला आणि त्या थंडीत हाताची घडी घालून बसून राहिली.

मंडळींच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. मग चुकले कोठे?

गुप्तदान करावे, हे उत्तर आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने तेच शिकविले. पण केवळ तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्ध जगभर मोहीम उघडली, ती काही गुपचूप चालविता आली नसती. गावोगाव फलक लागले, म्हणून आया लेकरांना घेऊन लसीकरणाच्या बूथवर आल्या. आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. शिवाय लोकवर्गणीचा पैसा असेल तर हिशेब चारचौघांत मांडलाच पाहिजे. तेव्हा कामाचा गाजावाजा हा दोष नव्हे. किती स्वेटर वाटले, किती रुपये लागले, ते खुशाल फळ्यावर लिहावे. कोणाला वाटले, ते लिहू नये. देणाऱ्याचे नाव मिरविले तर फार तर त्याचे पुण्य उणे होईल; घेणाऱ्याची गरज मिरविली तर उणे होतो तो त्याचा मान, आणि तो आपल्या मालकीचा नसतो.

याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे या संदर्भात नेहमी स्मरण होते. त्यांची पुण्यतिथीही २० डिसेंबरला, म्हणजे ऐन या दिवसांत येते. गावात शिरले की ते आधी खराटा हाती घेत, आणि पाहता पाहता गावही त्यांच्यासोबत झाडू लागे. भूक लागली की काम करून कोणाच्याही दारी भाकर मागून खात. ज्यांच्यासाठी झिजायचे, त्यांच्याच हातचे घ्यायचे! याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूनेही आरंभी काही दिले नाही, पाणी मागितले. ज्याच्याजवळ मागता येते तो आपल्या बरोबरीचा होतो. आपली मंडळे देतात पुष्कळ. मागत मात्र काही नाहीत. स्वेटर गुरुजींच्या हाती सोपवून निवांतपणे घरी पोहोचविता आले असते. व्यासपीठ मुलांच्या लेझमासाठी पुरेसे होते.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांचा चहा मुख्याध्यापकांच्या खोलीत होता. शाळेमागे बायांनी तुरीच्या शेंगा शिजविल्या होत्या, त्या मुलांसाठी. मंडळातले एक वयस्क सभासद चहा सोडून तिकडे गेले आणि पोत्यावर मुलांच्या ओळीत मांडी घालून बसले. टोपली घेऊन वाढीत होती ती तीच मुलगी. त्यांनी ओंजळ पुढे केली.

“घ्या नं काका, माह्या मायनं शिजवल्या.”

त्यांनी आणखी मागितल्या. तिने पुन्हा ओंजळ भरली आणि शेजारी बसून शेंग दातांनी कशी ओढायची ते दाखवू लागली. बाहेर मंडळाच्या गाडीने दोनदा हॉर्न दिला. त्यांनी हातानेच थांबायची खूण केली.