नादार आणि दिवाळखोर

मराठीत 'दिवाळी' म्हणजे सण आणि कन्नडमध्ये 'दिवाळि' म्हणजे दिवाळे. सण तिथे 'दीपावळी' होतो. आपल्या सीमाभागातल्या मुलांना ही गंमत लहानपणीच कळते. देणे भागवता न आलेला व्यापारी पूर्वी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून 'दिवाळे' आले असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्या दिव्यात एक सरळपणा आहे: लपवण्यासारखे काही उरलेले नाही, या आणि पाहून घ्या.

आज घर कर्जात बुडाले की पहिल्यांदा विझतो तो हाच दिवा. माणूस बाजारात जायचा रस्ता बदलतो, एक कर्ज फेडायला दुसरे काढतो, घरात कळू देत नाही. बुडवलेले देणे पुढच्या जन्मी बैल होऊन फेडावे लागते, ही आजीची धमकी आपण सगळ्यांनीच ऐकलेली. मग जे फेडणे शक्यच नाही, त्यातून सुटका मागणे हे पाप आहे काय?

शाळेत एक शब्द रुळलेला होता: नादारी. ज्याच्या बापाला फी झेपत नाही, त्याला पूर्ण किंवा अर्धी नादारी. दाखला जोडावा लागे, मान खाली घालावी लागत नसे. कोर्टाच्या मराठीतही हाच शब्द. 'नादार' म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. 'दिवाळखोर' म्हणताना मात्र त्यातला 'खोर' आधीच निकाल देऊन टाकतो.

कायदा हा निकाल इतक्या घाईने देत नाही. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याप्रमाणे देणे फेडण्यास असमर्थ असलेल्या माणसाला स्वतः अर्ज करता येतो. त्यासाठी देणे निदान 500 रुपयांचे हवे (हा आकडा 1920 चा आहे, हे लक्षात घ्यावे!), किंवा हुकूमनाम्यापोटी त्याला अटक झालेली अथवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम निघालेला हवा. मग त्याची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. पण सगळी नाही. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, बैल, बियाणे आणि रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने यांना हात लागत नाही. हिशेब मिटवतानाही माणूस उद्या उठून कामाला लागला पाहिजे, एवढे भान त्या यादीत आहे.

पुढे ऋणमुक्ती मागताना खरी परीक्षा. रुपयाला निदान आठ आणे तरी निघतात का? नसतील तर ते त्याच्या दोषाने की नशिबाने? हिशेब ठेवले होते का? जुगार, सट्टा, उधळपट्टी? 1980 साली जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीही हाच भेद धरला: केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंग नाही, ऐपत असून टाळाटाळ, अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे.

2016 च्या नव्या संहितेने अगदी गरिबांसाठी नवी सुरुवात योजली. वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत आणि स्वतःचे घर नको. (शैक्षणिक कर्ज त्यातून वगळलेले, मास्तर म्हणून मला हे खटकते.) पण 1 डिसेंबर 2019 ला संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग लागू केला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. ज्याच्यासाठी ती सवलत लिहिली, तो भाजीवाला बाहेरच उभा राहिला.

मला सर्वांत अवघड वाटते ती जामीनदाराची गोष्ट. 1920 चा कायदा नादाराला मोकळे करतो, त्याच्या जामिनाला नाही. पतसंस्थेच्या फॉर्मवर ज्या सहकाऱ्याने मैत्रीखातर सही केली, त्याच्या पगारातून हप्ता कापला जातच राहतो. सुटकेचा हुकूम हाती आलेल्या माणसाने, पुढे चार पैसे गाठीला आल्यावर, बँकेत नाही तरी त्या मित्राच्या दारी जावे की नाही? हुकुमात याविषयी काही लिहिलेले नसते. माझ्या मते जावे. आणि मित्राने पैशाचे नंतर काढावे, आधी त्याला आत बोलवावे.