गव्हाणीची खूण

डिसेंबर लागला की ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये बोधकथांना बहर येतो. खिडकीत टांगलेला चांदणीचा कंदील म्हणजे वाट दाखवणारा देव, वितळून उजेड देणारी मेणबत्ती म्हणजे त्याग, केकमधले मनुके म्हणजे आयुष्यातले गोड क्षण. अशी समीकरणे मांडायला फारसे कष्ट पडत नाहीत, आणि गोम तिथेच आहे. मेणबत्तीतून जसा त्याग काढता येतो तसा क्षणभंगुरपणाही काढता येतो, आणि हौसच असेल तर महागाईचा धडाही. ज्या वस्तूतून हवा तो अर्थ निघतो, तिने खरे तर काहीच सांगितलेले नसते. आधीच ठरवलेले वाक्य आपण तिच्या तोंडी घातलेले असते. म्हणून पुष्कळ विचारी ख्रिस्ती माणसांना हा सगळा प्रकार बाळबोध वाटतो. तरीही तो सरसकट मोडीत काढता येणार नाही. नाताळातल्या साध्या, रोजच्या क्षणांत श्रद्धेला शिकण्याजोगे काही असते, हा दावा मला ख्रिस्तजन्माच्या कथेतूनच निघणारा वाटतो. फक्त शिकणे कोणते आणि चिकटवणे कोणते, हे ओळखायला एक कसोटी हवी. माझ्या मते ती अशी: वस्तूवर आपण चिकटवलेला धडा आपल्याला सुखावतो, वस्तूने दिलेला धडा आपल्याकडे काहीतरी मागतो.

आधी दाव्याचा पुरावा पाहू. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना तारणारा जन्मल्याचे सांगतो आणि ओळखण्यासाठी एक खूण देतो. आकाश उजळून टाकणारे तेज त्यांनी नुकतेच पाहिलेले असते, पण ते खूण ठरत नाही. खूण आहे कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले बाळ. त्या काळच्या प्रत्येक तान्ह्या बाळाला कापडात गुंडाळत, आणि गव्हाण तर मेंढपाळांच्या रोजच्या धंद्यातली वस्तू. याजकाला किंवा राजदरबारातल्या पंडिताला जिची विशेष दखल घ्यावीशी वाटली नसती अशी ती खूण होती. ज्यांचे हात रोज गव्हाणीला लागतात त्यांना मात्र ती अंधारातही सापडली असती. लूक ताऱ्याचा उल्लेखच करत नाही. तो मत्तयच्या वृत्तांतात आहे. म्हणजे देव ओळखायचा तो नेहमीच्या वस्तूंमधून, हे नंतरच्या भाबड्या उपदेशकांनी शोधून काढलेले नाही. कथेचा सांधाच तिथे आहे.

याच प्रसंगात चिकटवलेल्या धड्याचा सर्वांत ठसठशीत नमुनाही सापडतो. शाळेच्या आणि चर्चच्या नाटुकल्यांत एक निर्दय सराईवाला हमखास असतो. गरोदर मरीयेच्या तोंडावर तो दार आपटतो आणि प्रेक्षक त्याच्यावर चिडतात. लूकच्या वृत्तांतात असा माणूसच नाही. जुन्या मराठी भाषांतरात ‘उतारशाळा’ असे जे वाचायला मिळते, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘कातालुमा’ आहे. शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली सांगताना लूक हाच शब्द वापरतो, आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या धर्मशाळेसाठी मात्र निराळा. त्यामुळे इथे घरातली पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या मुलखातल्या साध्या घरांत रात्री जनावरे घरातच एका अंगाला बांधत आणि गव्हाणीही तिथेच असत. गुरे आणि माणसे एका छपराखाली झोपणारी घरे ज्या मराठी वाचकाने पाहिली आहेत, त्याला हे चित्र परके वाटू नये. हा अर्थ धरला तर कथेतून खलनायक निघून जातो आणि उरते माणसांनी गच्च भरलेले एक घर, जिथे बाळंतिणीला गुरांच्या बाजूला जागा करून दिली. दुष्ट सराईवाल्याला नावे ठेवणे फुकटचे असते. आलेल्या पाहुण्यांनी घर भरलेले असताना आणखी एकाची सोय कुठे करायची, हा प्रश्न मात्र डिसेंबरच्या चोवीस तारखेला कुठल्याही घरात उभा राहू शकतो, आणि त्याचे उत्तर स्वतःचे अंथरूण सरकवूनच द्यावे लागते.

ज्याची ओळख गव्हाणीवरून पटली, त्याच्या पुढच्या शिकवणुकीतही हीच रीत दिसते. येशूच्या आयुष्याची पहिली तीसेक वर्षे नासरेथसारख्या आडगावात, सुताराच्या घरात गेली आणि शुभवर्तमाने त्यांबद्दल जवळजवळ गप्प आहेत. पुढे तो बोलू लागला तेव्हा त्याच्या दाखल्यांत आले ते पेरणी, खमीर, दिवा, हरवलेले नाणे, रात्री भाकरी मागायला आलेला मित्र. पण हे दाखले नीट वाचले तर प्रत्येकात एक अडणारी जागा सापडते. खमिराच्या दाखल्यातली बाई जे तीन मापे पीठ घेते ते आजच्या हिशेबाने चाळीस लिटरच्या आसपास भरते. कुठलीही गृहिणी एका घरासाठी एवढे पीठ मळत नाही; ते गावजेवणाचे पीठ आहे. ऐकणारा आधी ओळखीच्या स्वयंपाकघरात शिरतो आणि तिथे पिठाचा ढीग पाहून थबकतो. कोणासाठी चालले आहे हे? रोजची वस्तू तिथे विचार करायला लावते. बेथलेहेम या हिब्रू नावाचा रूढ अर्थ ‘भाकरीचे घर’ असा सांगतात. त्या नावातही तोच प्रश्न दडलेला आहे: भाकरीच्या घरात कोणाकोणाच्या वाट्याची भाकर?

आता नाताळची एक रीत जवळून पाहू. गोव्यातल्या अनेक घरांत येशूजन्माचा गोठा सजवण्यासाठी नाताळच्या आधी पसरट भांड्यात माती घेऊन नाचणी रुजत घालतात. भिजवलेले दाणे दाट पसरायचे, रोज हलक्या हाताने पाणी शिंपडायचे. काही दिवसांत टाचणीएवढे कोंब वर येतात आणि सणापर्यंत त्यांचा पोपटी गालिचा होतो. त्याच्यावर मेंढरे आणि मेंढपाळ मांडले जातात. घटस्थापनेला धान्य रुजवणाऱ्या घरांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. यातून ‘श्रद्धा रोपासारखी वाढते’ असे वाक्य काढणे सोपे आहे, आणि ते चिकटवलेलेच ठरेल. भांड्याकडे नुसते पाहिले तर निराळे काही दिसते. बाजारात प्लास्टिकचे गवत मिळते, ते जास्त हिरवे असते आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळीही आणता येते. नाचणी तशी आणता येत नाही. पाणी घालायचे दोन दिवस विसरले की ती माना टाकते, आणि त्या दिवसांची भरपाई नंतर जास्त पाणी ओतून होत नाही. चार रविवारांचा आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ, हे व्यासपीठावरून दर वर्षी सांगितले जाते. वाट पाहणे म्हणजे कोणाच्या डोळ्यांत न भरणारे काम रोज वेळेवर करणे, हे ते भांडे सांगते, आणि सांगताना पाणी मागते.

गोठ्याच्या परंपरेलाही अशीच धार आहे. असिसीच्या फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्म लोकांसमोर उभा केला. बैल आणि गाढव लूकच्या कथेत नाहीत. ख्रिस्ती परंपरेने ते यशयाच्या ग्रंथाच्या सुरुवातीवरून घेतले. तिथे संदेष्टा तक्रार करतो की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. गोठ्यातली ती गोजिरवाणी जनावरे शोभेसाठी आहेत असे आपल्याला वाटते. मुळात ती माणसांना दिलेला टोमणा आहेत. नाताळच्या फराळाचे ताटही असेच बोलते. करंज्या, शंकरपाळी, कलकल, दोदोल मांडलेली ताटे शेजारीपाजारी जातात आणि परत येताना बहुधा रिकामी येत नाहीत. या देवघेवीत खरा जिव्हाळा आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण लूकच्याच चौदाव्या अध्यायात येशू जेवण देणाऱ्याला बजावतो की परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नकोस, ज्यांना फेडता येत नाही त्यांना बोलाव. ताटांची यादी करताना ज्या घरातून ताट कधीच परत येणार नाही, त्या घराचे नाव यादीत आहे का? कृपा म्हणजे काय यावरच्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा ही यादी अधिक अचूक परीक्षा घेते.

यावर पहिला आक्षेप ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच येतो. ज्या सणाची तारीख बायबलमध्ये नाही, त्याच्या फराळा-कंदिलांतून धर्म काय शिकायचा? 25 डिसेंबरची नोंद मिळते ती इ.स. 354 च्या रोमन पंचांगात. याच कारणास्तव प्युरिटनांचे वर्चस्व असलेल्या इंग्लंडच्या संसदेने 1647 साली नाताळ बंद केला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. सण खाण्यापिण्यात बुडतो हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. पण त्यांचा उपाय कथेच्या विरुद्ध जातो. देवाने देह घेतला असे मानणाऱ्याला भूक, ऊब, पीठ आणि पाहुणे हे श्रद्धेच्या बाहेरचे विषय म्हणता येत नाहीत. तारीख माणसांनी ठरवली हे मान्य. पण माणूस कोणत्याही तारखेला जन्मला तरी त्याला गुंडाळायला कापड लागतेच.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात आधीच आला असेल. सावता माळ्याला भाजीच्या मळ्यात विठ्ठल भेटला, जनाबाईला दळणकांडणात. मग यात ख्रिस्ती ते काय? हे साम्य खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांनीही ते लपवले नाही. फरक आहे तो भर कशावर आहे याचा. ख्रिस्ती श्रद्धेचा भर एका विशिष्ट काळी, विशिष्ट गावी, एका गरीब घरात झालेल्या जन्मावर आहे. म्हणून तिला रोजच्या वस्तूत देव सर्वत्र भरलेला आहे एवढे म्हणून थांबता येत नाही. या घडीला, या दारात कोण उभे आहे, असे विचारावे लागते. वस्तूतला धडा ख्रिस्ती ठरतो तो त्या माणसाकडे नेतो तेव्हा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. करंज्या, गोठा, एकत्र बसलेले कुटुंब हे सगळे भरल्या घराचे क्षण आहेत. ज्याचे कोणी गेले आहे, जो त्या रात्री कामाच्या पाळीवर आहे, ज्याला घरच नाही, त्याने धडा कुठून घ्यायचा? चर्चच्या दिनदर्शिकेने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी दगडांनी ठेचून मारलेल्या स्तेफनाचा सण येतो आणि 28 डिसेंबरला हेरोद राजाने मारलेल्या बालकांचे स्मरण. पाळण्याशेजारी थडगी मांडण्याचे धाडस त्या क्रमात आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग आणखी पुढे जातो. भुकेल्याला जेवू घालणारे, परक्याला घरात घेणारे लोक तिथे चकित होऊन विचारतात की आम्ही तुला कधी पाहिले? त्यांना त्या क्षणी कसलाही धडा दिसलेला नव्हता. समोर भुकेला होता आणि घरात अन्न होते, एवढेच त्यांना दिसले.

तेव्हा रोजच्या क्षणांतून शिकण्याची खरी खूण बोधवाक्य सापडण्यात नाही. बोधवाक्य न सापडताही हात पुढे झाला, तर शिकणे घडून गेलेले असते. मेंढपाळांचे काय झाले ते लूक एका वाक्यात आटोपतो: ते देवाची स्तुती करत परत गेले. त्यांनी धंदा बदलल्याचे तो सांगत नाही. रानात मेंढरे होती, रात्र सरायची होती, आणि पहाटे ती मोजून घ्यायचीच होती.