आठवणींची वाटणी

पन्नास वर्षे संसार झाला म्हणजे नेमके काय झाले? दिवाळीच्या फराळाच्या ताटासमोर बसून असा प्रश्न विचारणे थोडे आडमुठेपणाचे वाटेल, हे मी जाणतो. तरीही तो विचारण्यासारखा आहे. अलीकडे घरोघर लग्नाचे सुवर्णमहोत्सव साजरे होऊ लागले आहेत. मुले मुंबईहून येतात, मांडव पडतो, म्हातारा-म्हातारीला पुन्हा मुंडावळ्या बांधतात, नातवंडे टाळ्या वाजवतात. समारंभ गोड असतो यात शंका नाही. पण आपण गौरव करतो तो कशाचा? नुसत्या वर्षांचा म्हणावे, तर वर्षे काय, पाणंदीतल्या धोंड्यालाही भरतात.

आपल्या जुन्या चालीरीतींत लग्नाची वर्षे मोजणारा असा थाटाचा विधी आढळत नाही. साठीशांत आहे, ऐंशी वर्षे आणि काही महिने झाल्यावर होणारे सहस्रचंद्रदर्शन आहे. पण तिथे मोजले जाते ते बहुधा पुरुषाचे वय. बायको शेजारी पाटावर बसते आणि हाताला हात लावते. तिने किती चंद्र पाहिले, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या मानाने लग्नाचा सुवर्णमहोत्सव ही बाहेरून आलेली रीत मला अधिक न्यायाची वाटते. त्यात निदान दोघांची वर्षे सारखी मोजली जातात. साठीच्या वेळी तो साठीचा आणि ती पन्नाशीची असेल. लग्न मात्र दोघांचे एकाच वयाचे असते.

परंतु वर्षे सारखी भरली म्हणून ती सारखी जगली गेली असे मात्र होत नाही. कितीतरी संसार टिकले ते बाईला जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला आणि काडीमोडीची वाट कायद्याने मोकळी झाली. पण कायद्याने दार उघडले तरी दाराबाहेर पाऊल टाकायला अंगण लागते. माहेरच्या ओटीवर भावजयीचे राज्य, हातात दमडी नाही, पदरात मुले. अशा बाईने चाळीस वर्षे काढली तर त्याला प्रेम म्हणायचे की निभावणे? हार घालण्यापूर्वी हा प्रश्न मनात यायला हवा. टिकणे हा काही आपोआप सद्गुण होत नाही.

आमच्या कोकणात तर या हिशोबाला आणखी एक फाटा फुटतो. इथल्या संसारांची वर्षे मोजताना नुसती बेरीज करून चालत नाही. मोठी वजाबाकीही करावी लागते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातला पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेला. लालबाग-परळच्या गिरण्यांत लागला, गावाच्या खोलीत वळकटी ठेवून पाळीपाळीने झोपला, खानावळीत जेवला. बायको गावी राहिली. तिने तरवा काढला, लावणी केली, सासूचे दुखणे पाहिले, मुलांना शाळेत धाडले. नवरा यायचा तो गणपतीला, नाहीतर शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात आंबे-फणसांच्या दिवसांत.

आमच्या वाडीतल्या एका जोडप्याचे उदाहरण सांगतो. लग्न १९६४ सालचे. नवरा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. त्यांतलेच हे एक. ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचे. म्हणजे पहिली अठरा वर्षे दोघे दोन ठिकाणी. वर्षाला दीड महिना एकत्र धरला, तर अठरा वर्षांचे महिने भरतात सत्तावीस; सव्वादोन वर्षे! लग्न अठरा वर्षांचे आणि सहवास सव्वादोन वर्षांचा. यांचा सुवर्णमहोत्सव २०१४ साली झाला. एखादा काटेकोर हिशोबनीस म्हणाला असता की यांची पन्नास वर्षे भरायला अजून बराच अवकाश आहे.

मी मास्तर, शिवाय चार कादंबऱ्या नावावर, म्हणून मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर हवा म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. नातवंडे होतीच. आजोबा रंगात येऊन सांगू लागले. एका जून महिन्यातल्या वादळाची गोष्ट होती. रात्री घरावर माड कोसळला, कौलांचा चुरा झाला, आत पाणी. "आमी आयेक उचलून गोठ्यात नेलाव," आजोबा म्हणाले, "पोरां दोन, एक कडेर..."

सुपात तांदूळ निवडणाऱ्या आजींनी मान वर न करता विचारले, "आमी? तुमी खंय होतास तेवां?"

पडवीत हशा पिकला. आजोबा मात्र हसले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "खरा गो. मी नाय होतंय. तुझी चिट्टी इली माका."

खरोखर ते तिथे नव्हतेच. ते मुंबईला रात्रपाळीत होते. पाच वर्षांचा मुलगा, कडेवर मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू यांना घेऊन ती बाई एकटी त्या काळोखातून गोठ्यात गेली होती. पुढे गणपतीला आल्यावर त्यांनी ती हकिगत ऐकली. मग दरवर्षी ऐकली, दुसऱ्यांना सांगितली, आणि सांगता सांगता 'ती'चे 'आम्ही' कधी झाले हे त्यांनाही कळले नाही. गोष्टी लिहिणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा आहे. जी गोष्ट मनाला फार लागते तिच्यात माणूस नकळत जाऊन उभा राहतो.

आता नीतीचा प्रश्न असा, की आजींनी त्यांना टोकायला हवे होते काय? उत्सवाची संध्याकाळ, नातवंडांचा घोळका, म्हातारा माणूस. 'राहू दे, होते तेही' असे म्हणून सोडून दिले असते तर काय बिघडले असते? पुष्कळ सुज्ञ माणसे म्हणतील की संसारात असे सोडून द्यावे लागते, त्यालाच समजूतदारपणा म्हणतात. आजोबांचे ते खोटे बोलणेही नव्हते. ज्या रात्री आपण घरी असायला हवे होते आणि नव्हतो, त्या रात्रीची बोच त्यांनी स्वतःला तिथे नेऊन शमवली होती. अशा खोट्यात प्रेम असते, हे मी नाकारीत नाही.

तरीही आजींनी विचारले ते योग्यच केले असे मला वाटते. कारण ती रात्र त्यांची होती. तिच्यातले भय त्यांचे, बळ त्यांचे आणि एकटेपणही त्यांचेच. 'आम्ही' या एका गोड शब्दाने ते सगळे पुसून जात होते. कोकणात जमिनीचे कसे असते ते आपण जाणतो. घाम गाळून कसतो एक आणि सातबारावर नाव असते दुसऱ्याचे. आठवणींच्या बाबतीतही घरोघर असेच होत आले आहे. कसलेली बाईने, वहिवाट नोंदली पुरुषाच्या नावे. एकत्र कुटुंबाची मालमत्ता सामायिक असावी, पण सामायिक म्हणजे एकाची नव्हे.

आणि गंमत अशी की टोकल्यामुळे काही हरवले नाही, उलट एक गोष्ट नव्याने सापडली. आजोबा पुढे बोलले. ती चिठ्ठी त्यांना आठवड्याने मिळाली होती. आजींना लिहिता येत नसे. गावातले कोणी शिकलेले लिहून देई. दुसऱ्याच्या हाताने लिहायचे म्हणजे मनातले किती सांगणार? 'माड पडून कौले फुटली, बाकी सर्व खुशाल' एवढाच मजकूर. त्या 'खुशाल'वर विश्वास न बसून हा माणूस रात्रभर चाळीच्या जिन्यात बसून राहिला होता. सकाळी पगारावर उचल घेऊन मनीऑर्डर केली, आणि कुपनावर काय लिहिले? 'मी खुशाल.' हे आजींनी त्या दिवशी प्रथम ऐकले. तांदूळ निवडणारा हात थांबला, एवढेच मी पाहिले.

अठरा वर्षे दोघांनी एकमेकांना 'खुशाल' म्हणून कळवले आणि पुष्कळदा दोघेही खुशाल नव्हते. खरे टपाल पोचायला किती वर्षे लागली पाहा. मला वाटते, लांबलेल्या सहजीवनाचे मोल येथे आहे. दीर्घ संसार ही पुण्याई नव्हे, ती सवड आहे. तरुणपणी जे सांगायला वेळ नव्हता, धीर नव्हता, कधी अक्षरही नव्हते, ते सांगायला मिळालेली सवड. ती वापरली नाही तर पन्नास वर्षे नुसती भिंतीवरची पन्नास कालनिर्णये.

ही सवड पुष्कळांना मिळत नाही, ही गोष्ट आपल्या वाङ्मयातच नोंदलेली आहे. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या; न्यायमूर्ती १९०१ मध्येच गेलेले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' छापली जाऊ लागली १९३४ साली. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये निवर्तले होते. ज्याच्याविषयी बायको इतके मोकळेपणाने, इतके हसत, रागावत आणि मायेने बोलली, त्याला ते ऐकायला मिळाले नाही. बाईचे म्हणणे आपल्याकडे बहुधा असे उशिरा पोचते. पत्ता बरोबर असतो, पण घेणारा नसतो.

काहींच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले. मुरुडचे धोंडो केशव कर्वे आणि देवरुखच्या गोदूबाई, म्हणजेच बाया, यांचा पुनर्विवाह १८९३ सालचा. अण्णांनी 'आत्मवृत्त' लिहिले १९१५ मध्ये; बायांनी 'माझे पुराण' १९४४ मध्ये. एकच घर दोन दारांतून दिसते. संस्थेसाठी सर्वस्व देणाऱ्या पुरुषाच्या घरात चूल कशी पेटते, हे बायांच्याच तोंडून ऐकावे लागते. ते पुस्तक निघाले तेव्हा अण्णा हयात होते. बाया १९५० साली गेल्या. आठ वर्षांनी अण्णांना भारतरत्न मिळाले तेव्हा शेजारचा पाट रिकामा होता. रत्नागिरीच्या सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले तेव्हाही पु. ल. देशपांडे हयात होते. त्या पुस्तकावर केवढी चर्चा झाली! घरातले बाहेर कशाला, असे पुष्कळांना वाटले. पण तक्रार ऐकायला माणूस जिवंत असताना ती करणे, यासारखा दुसरा आदर नाही. त्या दोघांचे लग्न १२ जून १९४६ चे, पु. ल. गेले ते १२ जून २००० रोजी.

आणि आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे मधू दंडवते आणि प्रमिलाताई. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, त्या येरवड्याला. दोन तुरुंगांतून पत्रे जात-येत राहिली. आमच्या वाडीतल्या बाईपेक्षा प्रमिलाताई एका बाबतीत भाग्यवान होत्या: त्यांचे पत्र त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होते. दूर राहिल्याने संसार मोडतोच असे नाही. पण बोलायला दोघांनाही सारखे अक्षर हवे.

मानपत्रात मी शेवटी काय लिहिले? 'उभयतांनी संकटांना एकत्र तोंड दिले' हे ठरीव वाक्य गाळले. त्या वादळाच्या रात्री त्या गोठ्यात होत्या आणि आठवड्याने ते चाळीच्या जिन्यात जागे होते, असे दोन्ही लिहिले. वाचन झाल्यावर आजोबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आजी म्हणाल्या, "आता बरोबर झाला."

तेव्हा वाचकहो, या पाडव्याला ओवाळून झाले, तबकात ओवाळणी पडली, की म्हाताऱ्या माणसांना आठवणी जरूर विचारा. आजोबा बोलतील, त्यांना बोलू द्या. पण तेथेच उठून फटाक्यांकडे पळू नका. मग आजीला विचारा, तीच गोष्ट. दोन्हींचा मेळ बसला नाही तर घाबरू नका आणि तो बसवायलाही जाऊ नका. मधली जी फट राहील तिच्यात दोघांनी एकमेकांपासून काय काय लपवले होते ते दिसेल. आणि पुष्कळदा असे आढळेल की त्यांनी आपले दुःख लपवले होते, दुसऱ्याला ते लागू नये म्हणून. सप्तपदीतले सातवे पाऊल सख्याचे मानले आहे. पहिली सहा पावले अन्नाची, बळाची, धनाची, सुखाची, संततीची, ऋतूंची. ती तरुणपणी झपाझप पडतात. सातवे टाकायला कोणाकोणाला पन्नास वर्षे लागतात. ते पडले असेल त्या घरी हार अवश्य घालावा, आणि जिथे पडायचे राहिले असेल तिथे आधी दोघांच्या मध्ये एक पाट मांडून ऐकायला बसावे.