चिमणीचे दार : बालकथनातील एक नैतिक पेच

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात माता आणि दाया मुलांना ज्या गोष्टी सांगतात, त्यांवर नियंत्रण असावे अशी मागणी केली आहे. कोवळ्या मनावर उमटलेला ठसा सहसा पुसला जात नाही, म्हणून गोष्टी पारखूनच सांगाव्यात, अशी ही भूमिका आहे. कथेची नैतिकता तिच्या आशयात असते, हे तीत गृहीत धरलेले आहे. परंतु मूल सांभाळताना सांगितलेली गोष्ट म्हणजे केवळ आशय नव्हे. मुलाने जेवावे, रडू नये, आई परतेपर्यंत रमावे, अशा हेतूंनी बांधलेला तो एक व्यवहार असतो. या व्यवहाराची नैतिकता कोठे शोधावी, हा प्रश्न आशयाच्या छाननीने सुटत नाही.

चिऊ-काऊची गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. १३व्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या तोंडी तिचे प्राचीन रूप आढळते, मौखिक परंपरेतील तिचा सांगाडा सर्वपरिचित आहे. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो, आणि बाळाचे न्हाणे, अंग पुसणे, काजळ-तीट, निजवणे अशी कामे एकामागून एक सांगून चिमणी त्याला थांबवते. या कामांची संख्या कोणत्याही संहितेने निश्चित केलेली नाही. ताटात किती घास उरले आहेत, यावर ती ठरते. भरवणाऱ्या आजीला वेळ हवा असतो, म्हणून चिमणी वेळ लावते. कथेतील विलंब आणि कथनातील विलंब असे एकरूप होतात, आणि त्याची किंमत दाराबाहेरचा कावळा मोजतो.

खरा पेच येथे आहे. चिमणीची कारणे खोटी नाहीत. ती सारी संगोपनाचीच आहेत. आपल्याला जपणे हेच परक्याला बाहेर ठेवण्याचे कारण ठरते. ऐकणारे मूल त्याच वेळी मांडीवर बसून घास घेत असते. म्हणजे दार बंद राहते ते त्याच्यासारख्याच एका बाळासाठी. शेणामेणाच्या भेदातून दूरदृष्टीचा बोध काढणारे विवेचन या पेचाला बगल देते, कारण घर कच्चे असणे हा काही अपराध नव्हे. कावळ्याला अखेरीस चटका बसतो किंवा तो घरातला खाऊ फस्त करतो, असे जे शेवट सांगितले जातात, तेही त्याला हास्यास्पद वा चोर ठरवून बंद दाराचे मागाहून समर्थन करतात.

चिमणीने पहिल्याच हाकेला दार उघडावे, अशी सुधारणा यावर सुचवता येईल. पण मग गोष्ट उरत नाही, आणि मुलाला विचारण्याजोगेही काही उरत नाही. नेहमीचीच गोष्ट ऐकता ऐकता एखादे मूल घास तोंडात धरून थांबते आणि विचारते, कावळा अजून भिजतोच आहे का? त्या क्षणी साधन म्हणून हाती घेतलेली गोष्ट सांगणारीच्या हातून निसटते. ‘आधी जेव, मग सांगते’ असे म्हणून तिने प्रश्न टाळला, तर तिने चिमणीचेच उत्तर दिलेले असते.

लिखित संहितेचा कर्ता अशा वेळी अनुपस्थित असतो. मूल सांभाळणारी निवेदक मात्र समोरच बसलेली असते. म्हणून बालकथनाची नैतिकता शेवटी जोडलेल्या तात्पर्यात नसून या उत्तराच्या बंधनात आहे. ताटात घास उरलेले असले, तरी ते बंधन टळत नाही.