गावाचे नाव कोणी सांगावे?

माणसाने स्वतःला कोणत्या गावचा म्हणवून घ्यावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेली आपली आडनावे, तीन पिढ्यांत त्या गावाची वेस न पाहिलेली माणसेही खुशाल मिरवतात. त्यात कोणाला वावगे वाटत नाही, कारण आडनाव फुकट मिळते आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. पण एखादी संस्थाच्या संस्था गाव सोडून गेली आणि गावाचे नाव मात्र तिने सोडले नाही, तर त्या नावावर तिचा हक्क किती दिवस चालावा? युक्रेनमधील दोनेत्स्क ह्या कोळशाच्या आणि पोलादाच्या शहरातील फुटबॉल संघाची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. फराळाच्या ताटाशी बसून हा अंक चाळणाऱ्यांत फुटबॉलचे वेड नसलेले पुष्कळ असतील. त्यांनी पान उलटण्याची घाई करू नये. त्या खेळातले बारकावे मलाही कळत नाहीत.

मौज अशी की, ज्या शहराच्या नावासाठी हा सारा खटाटोप, त्या शहरालाच एक नाव धड टिकलेले नाही. १८६९ मध्ये जॉन ह्यूज नावाच्या वेल्समधील कारखानदाराने तेथे लोखंडाच्या कारखान्याचा पाया घातला आणि त्याच्याच नावाचा अपभ्रंश होऊन वस्तीला 'युझोव्का' म्हणू लागले. १९२४ साली तिचे 'स्टालिनो' झाले. पुढे स्टालिनचे नाव घेणेही अवघड होऊन बसले, तेव्हा १९६१ मध्ये 'दोनेत्स्क'. निदान नदीवरून नाव घेतले म्हणजे ती पदच्युत होण्याची भीती नाही!

संघ १९३६ साली निघाला तो 'स्ताखानोवेत्स' ह्या नावाने. अलेक्सेई स्ताखानोव हा त्याच दोन्बास मुलखातील खाणकामगार. ऑगस्ट १९३५ मध्ये एका रात्रपाळीत त्याने १०२ टन कोळसा काढला. ठरलेले माप ७ टनांचे होते. देशभर त्याचा जयजयकार झाला, त्याच्या नावाने चळवळ निघाली. परंतु त्या रात्री त्याच्या मागोमाग खाणीच्या छताला लाकडी टेकू देत जाणारे दोन सोबती होते, श्चिगोलेव आणि बोरिसेंको. एरवी कोळसा फोडणाऱ्यानेच टेकूही द्यायचे असत. ते काम ह्या दोघांनी अंगावर घेतले म्हणून त्याच्या हातातले यंत्र अखंड चालले. तिघांचा घाम एकाच्या खात्यावर जमा झाला. १९४६ मध्ये संघाचे नाव 'शाख्तार', म्हणजे नुसते 'खाणकामगार', असे झाले. बदलणाऱ्यांचा हेतू काहीही असो, मला हे नाव अधिक न्यायाचे वाटते. त्यात टेकू देणारेही आले.

सोव्हिएत अमदानीत ह्या संघाने १९६१, १९६२, १९८० आणि १९८३ असा चार वेळा देशाचा चषक जिंकला. साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मात्र हाती लागले नाही. १९७५ आणि १९७९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. देश स्वतंत्र झाल्यावर पैशाचे आणि पिस्तुलाचे दिवस आले. ऑक्टोबर १९९५ मध्ये संघाचा अध्यक्ष अखात ब्रागिन स्टेडियममध्येच बॉम्बस्फोटात ठार झाला. पुढल्या वर्षी कोळसा-पोलादातून गबर होत चाललेला रिनात अख्मेतोव त्या जागी आला आणि संघाचे भाग्य पालटले. २००२ मध्ये युक्रेनचे पहिले अजिंक्यपद मिळाले. २००९ मध्ये मिर्चा लुचेस्कू ह्या रुमानियन प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने इस्तंबूलला वेर्डेर ब्रेमेनचा २–१ असा पराभव करून युरोपातला 'युएफा' चषक आणला. दोन्ही गोल ब्राझीलच्या पोरांनी केले. त्याच वर्षी पन्नास हजारांवर माणसे बसतील असे दोन्बास अरेना हे स्टेडियम उभे राहिले.

आता कोणी विचारील, कोट्यधीशाच्या पैशावर ब्राझीलची मुले खेळतात, तो कसला खाणकामगारांचा संघ? नाव तेव्हाच खोटे ठरले होते. मग गाव सुटल्याचे दुःख कशाला? मला हे पटत नाही. खाणीतून वर येऊन, अंग धुऊन जो माणूस सामन्याला जाऊन बसत होता, तो त्या ब्राझीलच्या पोरावर खुशाल खेकसत होता आणि त्या पोराला ते ऐकून घ्यावे लागत होते. टाळ्या काय, परकाही वाजवतो. हक्काने शिव्या घालायला घरचाच माणूस लागतो. नाव खरे ठेवत होती ती ही ओरड.

मे २०१४ मध्ये दोन्बास अरेनावर शाख्तारने मारिउपोलच्या संघाला ३–१ असे हरवले. त्यानंतर तेथे हा संघ खेळलेला नाही. रशियाच्या पाठबळावर फुटीर सशस्त्र गटांनी शहर ताब्यात घेतले आणि युद्ध पेटले. त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये एक सामना खेळल्यावर दक्षिण अमेरिकेतले सहा खेळाडू परतायलाच तयार होईनात. त्यांना दोष देण्याचे धाडस मी तरी करणार नाही. अखेर ते आले. संघाने मुक्काम ठेवला कीव्हमध्ये आणि 'घरचे' सामने खेळायचे ठरले दोनेत्स्कपासून सुमारे १००० किलोमीटर दूर असलेल्या ल्विव्हला. घरच्या मैदानावर जायला विमान! बऱ्याच सामन्यांना बाके रिकामी असत. पुढे खार्किव्ह झाले, मग कीव्ह.

आणि ते ओस पडलेले स्टेडियम? तोफगोळ्यांनी त्याची मोडतोड झाली, परंतु २०१७ पर्यंत अख्मेतोवच्या संस्थेने तेथूनच शहरातल्या गरजूंना धान्यसामग्रीची पुडकी वाटली. मग नव्या सत्ताधाऱ्यांनी तेही बंद पाडले. ह्या संघाच्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटतात ती ही तीन वर्षे, आणि त्यांत तेथे एकही सामना झालेला नाही. गावाचे नाव लावणाऱ्याने गावाचे देणे द्यायचे तर आणखी कसे द्यायचे?

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. मागे राहिलेला दोनेत्स्कचा रहिवासी म्हणू शकतो, 'तुम्ही गेलात, आम्ही राहिलो. आता आमचे नाव कशाला सांगता?' त्याचे राजकारण कसेही असो, हा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे. माझ्यापुरते मी असे समजतो की, ते नाव संघाजवळ ठेव म्हणून आहे. ठेवीचा धनी समोर नसला, रागावलेला असला, कदाचित ठेव ओळखीनासाही झाला, तरी ती मोडून खायची नसते. ल्विव्हचे किंवा कीव्हचे नाव घेतले असते तर बाके थोडी अधिक भरली असती. संघाने ते केले नाही. मारिउपोलच्या संघाला तर हा पेच सोडवण्याचीही संधी मिळाली नाही. २०२२ मध्ये ते शहर उद्ध्वस्त झाले आणि संघही संपला.

त्या वर्षी रशियाने साऱ्या देशावर आक्रमण केल्यावर शाख्तारचे बहुतेक परदेशी खेळाडू निघून गेले आणि युक्रेनच्या तरुण मुलांवर भार पडला. देशातले सामने भोंगा वाजला की थांबत आणि खेळाडू तळघरात जात. युरोपातील स्पर्धांचे 'घर' देशाबाहेरच गेले, आधी वॉर्सा, मग हॅम्बुर्ग. तेथे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी बार्सेलोनाला १–० असे हरवले, तेव्हा परक्या शहराने भरलेले स्टेडियम त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

२०२४-२५ च्या हंगामात हे घर जर्मनीतल्या गेल्सेनकिर्खेनला गेले. तेही एके काळी कोळशाचे शहर. तिथल्या खाणी बंद पडल्या, पण तिथल्या शाल्के संघाला लोक अजून 'खाणकामगार' म्हणतात. त्यांच्या स्टेडियममध्ये खेळाडूंना मैदानावर नेणारी वाट खाणीतल्या बोगद्यासारखी सजवलेली आहे. दोनेत्स्कचे पाहुणे त्या हंगामात यजमान म्हणून त्याच बोगद्यातून बाहेर येत होते.